वळिवड्याचा नाताळ आणि खपलीचा दाणा

लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटला की सांगली, मिरज, कराड, साताऱ्याकडची कुटुंबे आजही गाडी करून कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. कापडाची ठोक बाजारपेठ म्हणून या गावाचे नाव सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी ती उभी केली, हेही बहुतेकांना माहीत असते. पण सिंधी कुटुंबे येण्याआधी याच माळावर दुसरे निर्वासित राहून गेले होते. ते पोलंडचे होते. त्यांच्या वसाहतीला शेजारच्या गावाचे आणि रेल्वे स्टेशनाचेच नाव होते: वळिवडे. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरचे हे छोटे स्टेशन १९४३ ते १९४८ या काळात हजारो पोलिश माणसांचा पत्ता बनले.

ही माणसे कुठून आणि कशी आली, हे समजल्याशिवाय त्यांच्या नाताळच्या ताटातले पदार्थ कळत नाहीत. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडचे लचके तोडले. पूर्वेकडच्या सीमाभागातली, म्हणजे आज युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात मोडणाऱ्या प्रदेशातली लाखो माणसे फेब्रुवारी १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. जंगलतोड, उपासमार, टायफॉइड यांत अनेक घरे निम्मी झाली. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला, मग मॉस्को आणि लंडनमधले पोलिश सरकार यांच्यात करार झाला आणि या कैद्यांची सुटका झाली. जनरल आंदर्स यांच्या पोलिश सैन्यामागोमाग बायका-मुले इराणात उतरली, तिथून कराचीत आली. काही अनाथ मुलांना जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत आश्रय दिला. त्याहून बरीच मोठी, सुमारे पाच हजार माणसांची वस्ती कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला वसली. तिचा खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारने उचलला.

वस्ती म्हणजे तंबूंची छावणी नव्हे. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि कौलारू छपरे असलेल्या बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथके असे ते एक अख्खे गाव होते. रहिवाशांत बायका आणि मुलेच जास्त, कारण धडधाकट पुरुष आघाडीवर होते. भत्ता रोख मिळे आणि चूल आपापली असे. ही शेवटची गोष्ट या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. सामाईक भटारखान्यातून वाढलेले अन्न खाणाऱ्या माणसाचे सण हळूहळू पुसट होतात. स्वतःची चूल असली की आजीची पाककृती तिच्यावर पुन्हा जिवंत होते.

सातारा जिल्ह्याचाही या कहाणीत वाटा आहे. पाचगणीच्या कोरड्या, थंड हवेत अशक्त आणि छातीच्या दुखण्याने खंगलेल्या पोलिश मुलांसाठी आरोग्यकेंद्र चालत असे. आणि त्याआधीच औंध संस्थानात वॉर्साचा एक अभियंता येऊन रमला होता. मॉरिस फ्रीडमन त्याचे नाव. पंतप्रतिनिधींच्या औंधने १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना स्वीकारली, तिच्या घडणीत त्याचा हात होता. आजच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत त्याच्याच कल्पनेतून निघाली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा हीच वसाहत. तेव्हा कृष्णाकाठाला पोलंड अगदीच परका नाही.

आता ताटाकडे वळू.

पोलंडमध्ये नाताळचे मुख्य जेवण २५ डिसेंबरला नसते. ते आदल्या संध्याकाळी असते आणि त्याला ‘विगिल्या’ म्हणतात. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही, असा दंडक. घरातले सर्वांत लहान मूल खिडकीशी चांदणीची राखण करत बसते. वॉर्सामध्ये त्या दिवशी साडेतीनच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे मुलाची फार परीक्षा होत नाही. कोल्हापुरात तोच सूर्य सहापर्यंत रेंगाळतो. वळिवड्याच्या पोरांना चांदणीसाठी पोलंडपेक्षा किती जास्त थांबावे लागले असेल, हे गणित सोपे आहे.

टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली मूठभर वाळलेले गवत पसरतात, येशूचा जन्म गव्हाणीत झाला त्याची ती आठवण. एक ताट जास्तीचे मांडतात. ते अनाहूत पाहुण्यासाठी असते, आणि दूर असलेल्या किंवा आता नसलेल्या माणसासाठीही. ज्या बराकीत नवरा आघाडीवर आणि एखादे मूल सैबेरियाच्या मातीत होते, तिथे त्या रिकाम्या ताटाकडे कुणाला सहज पाहता आले नसेल. जेवणाआधी ‘ओप्वातेक’ नावाची कागदासारखी पातळ, बिनखमिराची पापडी हातात घेऊन प्रत्येक जण दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडतो, त्याला शुभेच्छा देतो, झाले-गेले विसरायला सांगतो. ही पापडी पाकिटात घालून परदेशातल्या नातलगांना पाठवण्याचीही रीत आहे. संक्रांतीला टपालाने तिळगूळ पाठवणाऱ्या मराठी माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

जेवणात पदार्थ बारा, आणि मांस एकातही नाही. विगिल्या हा मुळात उपासाचा दिवस. जुन्या कडक रिवाजात तर लोणी, दूध, अंडी हेही वर्ज्य होते. पोलिश नाताळच्या गोडाचे सगळे रहस्य इथे दडलेले आहे. लोणी नाही, अंडी नाहीत, डिसेंबरच्या बर्फात ताजे फळ नाही. मग उरते काय? कोठारातले धान्य, पोळ्यातला मध, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली फळे, अक्रोड आणि खसखस. खसखशीच्या दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते, म्हणून उपासाच्या पदार्थाला लोण्याविना स्निग्धपणा येतो. पोलिश नाताळात खसखस जागोजागी भेटते ती केवळ हौस म्हणून नव्हे.

या सर्वांत जुना पदार्थ ‘कूत्या’. उच्चार ऐकून मराठी कान जरा दचकतील, पण शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतल्या ‘दाणे’ अशा अर्थाच्या शब्दापर्यंत जाते. सडलेला गहू मऊ शिजवायचा, त्यात वाटलेली खसखस, मध, मनुका आणि अक्रोड मिसळायचे. बस, इतकेच. कूत्या पोलंडभर सारखी लोकप्रिय नाही. ती पूर्वेकडच्या सीमाभागाची ओळख आहे, आणि वळिवड्याला आलेली बहुसंख्य कुटुंबे नेमकी त्याच भागातली होती.

आता सांगली-कोल्हापूरच्या वाचकाने क्षणभर थांबून आपल्या घरच्या खपलीच्या खिरीची कृती आठवावी. खपली गहू भिजवून उखळात सडायचा, साल पाखडून काढायची, दाणा फुटेपर्यंत शिजवायचा, गूळ घालायचा, मग खसखस, खोबरे, बडीशेप, वेलदोडा, जायफळ. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात हिलाच हुग्गी म्हणतात. जत्रेच्या गावजेवणात काहिलीभर शिजणारी ही खीर आणि युक्रेनच्या सीमेवर विगिल्याला खाल्ली जाणारी कूत्या यांच्यात मधाच्या जागी गूळ आणि अक्रोडाच्या जागी खोबरे एवढाच काय तो मोठा फरक. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. जिथे गहू पिकतो, तिथे पीठ दळण्याच्या कितीतरी आधी माणसाने अख्खा दाणा शिजवून गोड केला. तो साधा, आद्य पदार्थ दोन्हीकडे सणाच्या पानात टिकून राहिला.

साम्य पाककृतीपुरते नाही. कूत्या हे पितरांचेही अन्न आहे. विगिल्याच्या रात्री घरातले गेलेले आत्मे भेटीला येतात, अशी पोलंडच्या पूर्व सीमाभागात जुनी समजूत होती, आणि पूर्वेकडच्या चर्चमध्ये मृतांच्या स्मरणार्थ शिजवलेला गहू वाटण्याची प्रथा आजही आहे. आपल्याकडे श्राद्धाच्या पानात खीर लागते. दाणा मातीत जातो आणि पुन्हा उगवतो, हे शेतकऱ्याने दरवर्षी डोळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून मेलेल्यांसाठी त्याला दाणाच योग्य वाटत असावा. कूत्याची एक गमतीची रीतही आहे. घरधनी चमचाभर कूत्या आढ्याला फेकतो. जितके दाणे वर चिकटतील तितके पुढचे पीक चांगले.

सांगली-साताऱ्याच्या स्वयंपाकघरात कूत्या करायची तर वेगळे काही मागवावे लागत नाही. पाव किलो सडलेली खपली रात्रभर भिजवावी आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर दीड-दोन तास शिजवावी. कुकरमध्ये लवकर होते, पण दाण्याचा लगदा होता कामा नये, कारण चावताना दाणा जाणवण्यातच कूत्याची मजा आहे. दीडशे ग्रॅम खसखस उकळत्या पाण्यात तासभर ठेवून निथळावी आणि पाट्यावर दूध सुटेपर्यंत वाटावी. पूर्व पोलंडमध्ये यासाठी ‘माकुत्रा’ नावाचे आतून खरबरीत मातीचे भांडे आणि लाकडी दांडा वापरतात. काम वरवंट्याचेच. दोन्ही गार झाल्यावर मिसळून पाच-सहा चमचे मध, मूठभर अक्रोड आणि मूठभर बेदाणा घालावा. मध महाबळेश्वरचा जांभळाचा मिळाला तर उत्तम. त्याचा किंचित कडसर, गडद स्वाद खसखशीला छान पेलतो. महाबळेश्वराजवळचे मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, आणि बेदाण्याची तर तासगाव ही राजधानीच. गरम गव्हात मध कधीही घालू नये, वास उडून जातो. चार तास गार ठिकाणी मुरल्यावर कूत्या खरी लागते.

पोलिश खसखस निळसर काळी, आपली पांढरी. निळीला जरा रानटी, मातकट चव असते, पांढरी मवाळ आणि बदामाच्या जवळ जाणारी. कूत्यात पांढरी चालते, रंग तेवढा बदलतो. मात्र आपल्याकडे खसखशीची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानेच होते आणि ती महाग असते. म्हणून मराठी बाई अनारशावर ती चिमटीने लावते. पोलिश बाई तीच ओंजळीने घालते.

ओंजळीचे प्रमाण पाहायचे तर ‘माकोव्येत्स’ पाहावा. यीस्टने फुगवलेल्या पिठाची आयताकृती पोळी लाटून तिच्यावर खसखशीचे जाड सारण पसरतात, अळूवडीसारखी गुंडाळी करतात आणि भट्टीत भाजतात. सारणासाठी खसखस गरम दुधात भिजवून तीन वेळा यंत्रातून दळतात. तीन वेळा म्हणजे तीन वेळाच, नाहीतर दातांखाली कचकच राहते. त्यात मध, मनुका, अक्रोड, संत्र्याच्या सालीचा मुरंबा आणि शेवटी अंड्याचा फेटलेला पांढरा भाग. भाजताना गुंडाळी फुटू नये म्हणून तिला कागदात सैल लपेटतात. कापल्यावर काळ्या-पांढऱ्या वळ्यांची सुंदर चकती दिसते. घरी ओव्हन नसेल तरी हरकत नाही. दिवाळीत नानकटाईचे साहित्य घेऊन बेकरीत जाणे आपल्याकडच्या लहान गावांना नवे नाही, त्याच भट्टीत माकोव्येत्सही होतो. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी ‘क्लुस्की’ करावेत: उकडलेल्या रुंद शेवयांवर खसखस, मध आणि मनुका. गव्हल्यांच्या खिरीतले दूध काढून टाकले तर जे होईल, साधारण तसे.

आणि मग ‘प्येर्निक’. मधाचा, मसाल्याचा, गडद तपकिरी केक. तोरुन या विस्तुला नदीकाठच्या शहराचे नाव त्याच्याशी मध्ययुगापासून जोडलेले आहे. कोपर्निकस १४७३ मध्ये तिथेच जन्मला, आणि तरुण संगीतकार शोपँ १८२५ मध्ये तिथे गेला तेव्हा शहराच्या इमारतींपेक्षा प्येर्निकवर जास्त खूश झाला. मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे या पदार्थात एकच आहे, ते म्हणजे त्याचे नाव. जुन्या पोलिशमध्ये ‘प्येर्नी’ म्हणजे झणझणीत, मिरी घातलेले. मिरी आली कुठून? भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून. वेलदोडा आणि सुंठही त्याच वाटेने. मलबारचा माल अरबांच्या गलबतांतून, व्हेनिसच्या वखारींतून, हान्सा या बाल्टिककडच्या व्यापारीसंघाच्या हातांतून तोरुनपर्यंत पोचत होता. बर्फाळ देशातल्या नाताळचा वास भारतीय मसाल्याच्या डब्याचा आहे.

जुन्या पद्धतीच्या प्येर्निकचे पीठ नोव्हेंबरच्या मध्यावरच भिजवतात. मध, साखर आणि लोणी एकत्र वितळवून, गार करून त्यात गहू किंवा रायचे पीठ, अंडी, सोडा आणि मसाला घालतात. मातीच्या भांड्यात फडक्याने झाकून चार ते सहा आठवडे गार जागी ठेवतात. नाताळला तीन-चार दिवस असताना ते भाजून, थर कापून मध्ये आलुबुखाराचा घट्ट मुरंबा लावतात, तेव्हा कडक झालेला केक हळूहळू मऊ पडतो. घाई केलेली या पदार्थाला खपत नाही. हे वाचून ज्या घरात अनारसे होतात तिथे कुणीतरी मान डोलावेल. तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, सुकवा, कुटा, गुळात मळा आणि पुन्हा मुरायला ठेवा. अनारशाचे पीठ आणि प्येर्निकचे पीठ दोन्ही वाट पाहायला लावतात, आणि दोन्हींचा स्वाद त्या वाट पाहण्यातून येतो.

दक्षिण महाराष्ट्राच्या हवेत मात्र सहा आठवडे पीठ बाहेर ठेवू नये, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. मध परवडत नसेल तर निम्मा मध आणि निम्मी काकवी घ्यावी. दुसऱ्या महायुद्धात साखर शिधापत्रिकेवर गेली होती, पण डिसेंबर म्हणजे पंचगंगेच्या काठी गुऱ्हाळांचा ऐन हंगाम. वळिवड्याच्या आसपासच्या हवेला त्या दिवसांत उसाच्या कढत्या रसाचा वास असणारच.

उरलेले गोड थोडक्यात. ‘कोम्पोत’ म्हणजे वाळवलेली सफरचंदे, नासपती आणि धुरी दिलेले आलुबुखार उकळून केलेले आंबटगोड पेय. भरगच्च जेवणानंतर त्याचे काम आमसुलाच्या सारासारखे, पोटाला हलके करण्याचे. ‘किशेल’ हा फळाच्या रसात बटाट्याचे सत्त्व घालून दाटवलेला प्रकार. पोलंडमध्ये नाताळला तो रानातल्या आंबट लाल बोरांसारख्या क्रॅनबेरीचा करतात. पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबरात बाजारात येतेच, तिचा किशेल रंगाला तर मुळापेक्षा सरस होतो. ‘सेर्निक’ हा भाजलेल्या चीजचा केक, तो लोण्याअंड्याचा म्हणून खरा २५ तारखेचा. त्यासाठी लागणारा ‘त्वारोग’ विरजलेले दूध हलके तापवून, फडक्यात टांगून करतात. आपला श्रीखंडाचा चक्का त्याचा सख्खा भाऊ, फक्त तो तापवत नाहीत. चक्का आणि ताजे पनीर सारख्या वाट्याने घोटून घेतले की सेर्निक चांगला बसतो. नुसत्या चक्क्याचा आंबट होतो.

साताऱ्यात आणि मिरजेत मिशनच्या काळापासून मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांच्या नाताळात करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि अनारसे असतात, शेजारच्या घरी ताट झाकून जाते तेही दिवाळीसारखेच. आपल्या सणाला आपल्या मातीतले गोड हवे, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकले आहे. त्या ताटात कूत्याची एक वाटी अगदी सहज बसेल.

वळिवड्याला १९४३ पासून १९४७ पर्यंत पाच नाताळ झाले. युद्ध संपले तरी बहुतेकांना गावी परतता आले नाही, कारण त्यांची गावे आता सोव्हिएत संघात गेली होती. १९४८ पर्यंत वस्ती रिकामी झाली. कुणी इंग्लंडला गेले, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी पूर्व आफ्रिकेत. मुले म्हातारी झाली, तरी स्वतःला वळिवड्याची म्हणवत राहिली, संघटना करून भेटत राहिली, आठवणींचा जाडजूड ग्रंथ काढला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली.

यंदा २४ डिसेंबरला कुणी कूत्या करणार असेल तर शेवटची एक सूचना. ती नेहमी उरते, बाराव्या पदार्थापर्यंत पोटात जागा नसते. उरलेली झाकून ठेवावी. सकाळपर्यंत खपलीचा दाणा मध पिऊन फुगतो, खसखस आणखी दाटते. तेव्हा तिच्यावर कोमट म्हशीचे दूध ओतावे आणि थोडा वेलदोडा कुटून घालावा. पोलंडमध्ये वेलदोडा घालत नाहीत, पण वळिवड्यात घातला तर शोभेल.